कुठलं सॉरी?

टेंभेकर काकांना घाईत सॉरी म्हणायची सोय नाही. म्हणायचंच असेल, तर हाताशी पाच-दहा मिनिटं मोकळी असावी लागतात.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. नवऱ्याची भोपाळला बदली झाली आणि आम्ही पुण्याहून तिथल्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो. सामान वर चढवताना आमचं कपाट समोरच्या दाराच्या चौकटीला घासलं. दार उघडलं. आत बनियन-पायजम्यातले, कानावर पेन खोचलेले एक किडकिडीत गृहस्थ उभे.

“सॉरी हं काका,” मी म्हटलं.

“कुठलं?”

मला वाटलं, ओरखडा कुठला ते विचारताहेत. मी बोटाने दाखवला.

“ओरखडा नाही विचारून राहिलो मी. सॉरी कुठलं, ते विचारून राहिलो. चुकलं म्हणता, वाईट वाटलं म्हणता, की बाजूला व्हा म्हणता?”

कपाट पाठीवर घेतलेला हमाल जिन्यात ताटकळत होता. मी गडबडून म्हटलं, तिन्ही. काकांचं समाधान झालेलं दिसलं. त्यांनी पेन कानावर नीट बसवलं आणि स्वतः कपाटाचं दुसरं टोक धरून ते आमच्या घरात पोचवलं.

काका एका सरकारी खात्यात अनुवादक. वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आलेले, त्यामुळे घरात नागपुरी मराठी, दाराबाहेर हिंदी आणि टेबलावर इंग्रजी कागद, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. धाकट्या बहिणीचं, कुमुदचं, मात्र थाटात करून दिलं आणि तिला नागपूरला पाठवलं. स्वयंपाक स्वतः करतात, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होतो, हे माझा नवरा माझ्यासमोर म्हणतो.

एका इंग्रजी शब्दावर माणसाचा एवढा राग कसा, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, राग शब्दावर नाही, आळशी लोकांवर आहे. मग त्यांनी ऑफिसातल्या जुन्या लिफाफ्यांच्या पाठी दाखवल्या. या शब्दाचे जेवढे अर्थ कानावर पडले, तेवढे बारीक अक्षरात लिहून ठेवलेले. धक्का लागला की सॉरी. नीट ऐकू आलं नाही, तरी सॉरी. कुणी वारलं, सॉरी. दुकानात माल संपला, सॉरी. भांडण उकरून काढायचं असेल तर ‘सॉरी, पण’. इंग्रजीत एखाद्या गोष्टीची दशा सॉरी असते, ती दयनीय या अर्थाने, हेही त्यात होतं.

“आपल्याकडे केवढे शब्द आहेत, ताई. चुकलो, माफ कर, क्षमा असावी, वाईट झालं, दिलगीर आहे, पस्तावलो. प्रत्येकाचं वजन निराळं. आणि लोक सगळीकडे हेच एक नाणं फेकून चालायला लागतात.”

ऑफिसातही त्यांनी हेच चालवलं होतं. एका म्हाताऱ्या बाईंच्या अर्जाला खात्याने फार उशिरा उत्तर दिलं, त्यात इंग्रजीत ‘सॉरी’ होतं. काकांनी हिंदीत ‘क्षमा चाहते हैं’ लिहिलं. साहेबांनी बोलावून समजावलं, “टेंभेकर जी, विभाग क्षमा नहीं माँगता, खेद व्यक्त करता है.” काका दोन दिवस तो कागद घेऊन अडून बसले. शेवटी पत्र ‘खेद’ घालूनच गेलं. काकांनी त्या बाईंचा पत्ता लिहून घेतला आणि स्वतः एक पोस्टकार्ड टाकलं. त्यात काय लिहिलं, ते सांगितलं नाही.

वसाहतीला त्यांची सवय झाली होती. भाजीवाला मुद्दाम कोथिंबीर-मिरची विसरायचा आणि म्हणायचा, “सॉरी अंकल, भूल गया वाला.” वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी त्यांची स्कूटर आडवी आली की म्हणायची, “सॉरी अंकल, रास्ता दो वाला.” काका खूष व्हायचे. शाळेत गृहपाठ तपासल्यासारखी मान हलवायचे.

मग राखीपौर्णिमेच्या आधीची ती संध्याकाळ आली.

कुमुदताईंची राखी दरवर्षी उशिरा यायची. पौर्णिमेच्या आगेमागे फोन यायचा, “दादा, सॉरी, यंदाही उशीर झाला.” काका विचारायचे, कुठलं सॉरी, आणि मग बहीणभाऊ अर्धा तास हुज्जत घालायचे. त्या फोनची काका महिनाभर वाट बघत, हे मला आत्ता, लिहिताना, जास्त कळतंय.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले होते. फोन वाजला. काकांना एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. नाव बघून त्यांचा चेहरा फुलला. मला त्यांनी हाताने बसायची खूण केली, आता गंमत ऐका अशी.

“दादा,” पलीकडून आवाज आला. “दादा, सॉरी…”

“कुठलं सॉरी, कुमे? आधी ते सांग.”

काका माझ्याकडे बघून हसत होते.

“हे गेले, दादा,” कुमुदताई म्हणाल्या. “तीन आठवडे दवाखान्यात होते. तुला कळवलं नाही, त्याचं सॉरी. कळलं आता कुठलं?”

फोन बंद झाला. काकांचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, आणि ते बघणं मला फार कठीण झालं.

मिळेल त्या गाडीने ते नागपूरला गेले. तेरावं करून परतले. बहीण एक शब्द बोलली नव्हती. जेवायचं विचारायचं तरी भाचीकडून, रश्मीकडून, विचारलं जाई.

त्यानंतर काकांनी विचारणं सोडलं. भाजीवाला कोथिंबीर विसरला, सॉरी म्हणाला, वाट बघत उभा राहिला. काका “ठीक है” म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याने मला गाठून विचारलं, अंकल की तबीयत तो ठीक है ना. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

काका पत्र लिहू लागले. लिहीत आणि मला वाचायला देत. “क्षमस्व” लिहिलं, तर म्हणाले, ही तर खोदलेल्या रस्त्यावरची पाटी झाली. “दिलगीर आहे” हा वर्तमानपत्रातला खुलासा वाटला. “मला माफ कर” नाटकी. “चुकलो” लिहिलं, तेव्हा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बेरीज चुकल्यासारखं वाटते हो हे.” ज्या माणसाने सरकारची हजारो पानं या भाषेतून त्या भाषेत नेली, त्याला बहिणीला एक ओळ लिहिता येईना. मी म्हटलं, कसंही लिहा, पण टाका. त्यांनी एकही पत्र टाकलं नाही.

थंडी सरता सरता रश्मीचा निरोप आला. ती दिल्लीला असते. आई माझ्याकडे यायला निघाली आहे, तिने लिहिलं होतं, गाडी उद्या दुपारी भोपाळात हबीबगंजला दोन मिनिटं थांबते. मामाला सांगू नकोस म्हणाली, तरी सांगतेय, सॉरी. खाली डबा नंबर होता. काकांनी तो निरोप मला दाखवला. कुठलं सॉरी, हे काही म्हणाले नाहीत.

सकाळी त्यांच्याकडून तळणाचा वास आला म्हणून मी डोकावले. काका सांबारवडी करत होते. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिचं सारण भरलेली ही वडी. पहिल्या चार तेलात फुटल्या होत्या. मी पाऱ्या लाटायला बसले. ऑफिसला त्यांनी सुट्टी टाकली होती, मी शिकवते त्या शाळेत फोन करून तेच केलं.

स्टेशनचं नाव बदलून राणी कमलापती झालं, पण माझ्या स्कूटरवर मागे बसून काका दर चौकात म्हणत होते, “ताई, हबीबगंजला वेळेवर पोचू ना आपण?” आम्ही पाऊण तास आधी पोचलो. काका फलाटावर उभे, छातीशी स्टीलचा डबा. ओठ हलत होते. पाठ केलेलं म्हणून बघत असावेत.

गाडी आली. कुमुदताई खिडकीतच होत्या. काकांसारखंच लांब नाक, केस पार पिकलेले. त्यांनी भावाला पाहिलं, आणि खिडकी लावून घेतील की काय, असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी लावली नाही.

काका गजांपाशी गेले. एक मिनिट असंच गेलं. मी घड्याळ बघत होते आणि मनात म्हणत होते, बोला हो, काहीही बोला.

“कुमे,” काका म्हणाले, “त्या दिवशी मी आधी ऐकून घ्यायला पाहिजे होतं.”

कुमुदताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “घ्यायला पाहिजे होतं.”

काकांनी मान हलवली. डबा आडवा गजांतून जाईना, त्यांनी उभा केला. आत वड्या एकीकडे घरंगळल्याचा आवाज झाला. कुमुदताईंनी तो घेतला आणि मांडीवर ठेवला. “जेवलास का तू?” त्यांनी विचारलं. काका नाही म्हणाले. तेवढ्यात गाडी हलली. काका दोन-चार पावलं गजाला धरून चालले, तेव्हा त्या ओरडल्या, “सोड, पडशील दादा.”

आम्ही बाहेर आलो. स्कूटर थोडी पुढे आली असेल, मागे फोन वाजायला लागला. मी बाजूला थांबले.

“मीठ कमी झालंय,” स्पीकरवर कुमुदताई म्हणाल्या. “आणि सारणात खसखस घातली नाहीस.”

“संपली होती,” काका म्हणाले.

मग त्या बोलायला लागल्या. दवाखान्यातल्या पहिल्या दिवसापासून. काकांनी स्पीकर बंद केला आणि फोन चांगल्या कानाला लावला. मी स्कूटर स्टँडवर चढवली आणि जरा दूर, एका टपरीपाशी जाऊन उभी राहिले. चहा झाला, दुसरा झाला. काका रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते, एका हाताने दुसरा कान झाकून. मधूनमधून फक्त म्हणत होते, “हं. मग? मग काय झालं?”