बापू कारखानिसाचे चतुर

"भाऊबंदांना खातो? मी? मी माझ्या भाऊबंदांना खातो?"

नाबर वकिलांचा आवाज आमच्या गिरगावातल्या चाळीच्या तळमजल्यावरून निघाला, जिना चढून गच्चीवर पोचला आणि तिथली कबुतरं जी उठली ती भुलेश्वरला जाऊन बसली. अनंत चतुर्दशी उलटली तरी परत आली नाहीत. वकिलांच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो होता. फोटोत गवताच्या काडीवर बसलेला एक हडकुळा, हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचा चतुर. तोच तो, डबक्यावर भिरभिरणारा, ज्याच्या शेपटीला आपण सगळ्यांनी लहानपणी दोरा बांधलेला असतो. त्याच्या तोंडात दुसरा एक चतुर होता, अर्धा संपलेला. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'नाबर. अंग सडपातळ. तासन्‌तास एका जागी बसून असतो. भाऊबंदांना खातो.'

आता, वेंगुर्ल्याच्या नारळीच्या बागेवरून वकिलांचा चुलतभावांशी दावा चालू होता हे खरं, आणि दर तारखेला ते चुलतभाऊ थोडे थोडे वाळत चालले होते हेही खरं. पण म्हणून काय गणपतीच्या दिवसांत भिंतीवर लावायचं?

लिहिणारा समोरच उभा होता. बापू कारखानीस. तोंडात खिळे, हातात हातोडी, आणि चेहऱ्यावर अशी चीड की जणू गुन्हा वकिलांनी केला आहे.

"शिवडीला माझ्या डोळ्यांदेखत खाल्ला," खिळे काढून तो म्हणाला. "तुम्ही जरा बाजूला व्हा. फोटोवर सावली पडतेय."

बापूचा आणि माझा जिना एक, नळ एक, आणि दुर्दैवाने रविवारही एकच. ठाकुरद्वारजवळच्या एका फोटो स्टुडिओत तो रिटचिंग करायचा. म्हणजे दिवसभर काचेवर निगेटिव्ह धरायची आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण बुजवायचे, नाकं सरळ करायची, सासऱ्यांचं टक्कल कमी करायचं. या कामाने तो कायमचा भडकलेला असे. "प्रत्येक जण म्हणतो मला गोरा कर," तो मला सांगायचा. "अरे, गोरा कर काय? आहेस तसा ये की. चतुर बघ. जसा आहे तसा बसतो."

त्याचा कॅमेरा चोरबाजारातला. जर्मन होता असं विकणारा म्हणाला होता. त्या कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बापूने कुठल्याशा मेलेल्या पारशाच्या चष्म्याची काच सायकलच्या ट्यूबने बांधली होती, त्यामुळे चतुर रुपयाएवढा मोठा दिसे आणि पाठीमागचं सगळं जग धुक्यात जाई. बापूला ते पसंत होतं. फोटो काळापांढरा निघाला की घरी बसून, उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून, तो स्वतः रंग भरायचा.

रविवारी आम्ही ट्रामने दादरला जायचो आणि तिथून पायी शिवडीच्या खाजणात, नाहीतर माटुंग्यापलीकडच्या डबक्यांवर. मी कशाला जायचो हे मला आजवर कळलेलं नाही. माझं काम छत्री धरायची आणि हुकूम आला की हलायचं. हुकूम एकच. "सावली काढ." बापू पोटावर चिखलात आडवा, पुढे काडीवर चतुर, आणि माझी सावली चतुराच्या पंखाएवढी जरी पुढे सरकली तरी, "सामंत, सावली काढ." एकदा एक म्हैस आली आणि बापूचं धोतर चघळू लागली. मी ओरडलो. धोतर अर्धं गेलं. बापू मान न वळवता कुजबुजला, "ओरडू नकोस. तिला म्हणावं चघळ, पण हलू नकोस." शपथेवर सांगतो, ती म्हैस हलली नाही. घरी जाताना मीच त्याला माझा पंचा दिला.

पण बापूचा खरा संताप नावांवर होता. लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, त्यात प्रत्येक चतुराला स्वतंत्र नाव. तांबड्याला वेगळं, निळ्याला वेगळं, पंखाला डाग असला तर आणखी वेगळं. "आणि आपण?" चाळीच्या गॅलरीत उभा राहून तो जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून विचारी. "आपण काय म्हणतो? चतुर. बारीक असला तर टाचणी. संपलं. मराठी राज्य मागताय, मुंबई मागताय, रोज सकाळी घसा बसेपर्यंत घोषणा देताय, आणि तुमच्या स्वतःच्या डबक्यावरच्या प्राण्याला मराठीत नाव नाही. उद्या या चाळीत सगळ्यांना मी नुसतं 'ए माणसा' म्हणून हाक मारली तर चालेल?"

लोक म्हणायचे, नाही चालणार, आणि सटकायचे. त्या दिवसांत प्रत्येकाला कुठल्यातरी सभेला जायचं असायचं.

बापूही मोर्च्यांना जायचा, कॅमेरा गळ्यात घालून. सगळ्या चाळीने पाहिलं होतं. गिरगावच्या रस्त्यावर माणसांचा समुद्र, पुढे हवालदारांची फळी, आणि मध्ये बापू गुडघ्यावर बसून नेम धरतोय. एका हवालदाराने लाठी उगारली तर बापू त्याला म्हणाला, "सावली काढा." हवालदाराने काढली. या गोष्टीवर चाळीने महिनाभर चहा प्यायला. म्हणून गणपती आले तेव्हा कमिटीचे सेक्रेटरी या नात्याने नाबर वकिलांनीच ठराव मांडला की तळमजल्याच्या बोळात बापूसाहेब कारखानीस यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवावं. मोर्च्याचे फोटो, असं कुणी म्हणालं नाही. असणार कसले दुसरे? आपण त्यात आहोत अशी प्रत्येकाची खात्री होती. रेळेबाई तर त्या दिवशी हिंदमात्याहून आणलेली नवी साडी नेसून खाली उतरल्या.

आणि फोटोत सगळे होतेही. फक्त चतुर म्हणून.

मोर्च्याचा म्हणावा असा फोटो एकच होता. झेंड्याच्या काठीचं टोक, आणि टोकावर बसलेला लालभडक चतुर. खाली जे धुकं दिसत होतं ते आम्ही, लाखभर मराठी माणूस.

बाकी बोळभर नावं. रेळेबाई : 'पंखांवर हळदी-काळी नक्षी. उडते थोडी, दाखवते फार.' तिसऱ्या मजल्यावरचे नवविवाहित प्रधान, दोन टाचण्या जोडीने : 'नर मादीची मान धरून ठेवतो. पाण्यात शिरली तरी सोडत नाही.' प्रधान लालबुंद झाला. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली आणि त्याहून त्याची आई लालबुंद झाली.

या सगळ्यांची मी समजूत घालत होतो. "अहो, कलावंत आहे, मनावर काय घेता," असं मोठ्या मनाने म्हणत मी पुढे सरकलो आणि माझ्यासमोर मी आलो.

'सामंत. गढूळ पाण्यावर राहतो. गटारही चालते. निघाला निघाला असे वाटते, पण चार हात जाऊन परत त्याच जागी बसतो.'

वाचकहो, मी सत्याग्रहाला निघालो होतो. चाळीने मला ओवाळलं होतं. धोबीतलावापर्यंत मी सर्वांच्या पुढे होतो, आणि तिथे चपलेचा अंगठा तुटला नसता तर मी आज तुम्हाला तुरुंगातल्या आठवणी सांगत असतो. अनवाणी तुरुंगात जायचं का? ज्या माणसासाठी मी म्हशीपुढे पंचा सोडला त्याने मला गटारावर बसवावं?

"बापू," मी म्हणालो, "हे काय आहे?"

"फार सुंदर असतो," बापू म्हणाला. "पंख बघ, केशरी. लोक गटार बघून पुढे जातात, त्याच्याकडे बघत नाहीत."

मी वकिलांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

गदारोळात एक फोटो कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तो रेळेबाईंनी शोधला. त्यात काहीच नव्हतं. बाई नाही, चतुर नाही, नुसती दगडी भिंत. खाली लिहिलं होतं : 'द्वारकाबाई. भिंतीवर बसते. शेजारून गेले तरी दिसत नाही. बारा महिने असते.'

"ही द्वारकाबाई कोण?" रेळेबाईंनी विचारलं.

चाळीत द्वारकाबाई नव्हती. पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत मोजणी झाली. शेजारच्या चाळीतही नव्हती. आता सगळ्यांना उलगडा झाला. पन्नाशीचा एकटा माणूस, दर रविवारी शिवडीकडे जातो, आणि चतुर बघायला जातो म्हणतो. प्रधानांच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की छत्री धरणारा मी, म्हणजे मीही त्यातलाच.

"सामंतांना ठाऊक असेल," त्या म्हणाल्या.

"मला काही ठाऊक नाही," मी म्हणालो. "मी सावली काढत होतो."

वकिलांनी तिथल्या तिथे सभा भरवली. "बापूसाहेब, कमिटीचा निर्णय ऐका. फोटो राहू देत, आमची हरकत नाही. नावं काढा. आरतीच्या आत."

"नाव नसेल तर फोटोही राहणार नाही," बापू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणाला काही दाखवायला काढलं होतं. रंग भरून भरून त्याची बोटं पिवळी पडली होती, आणि ती हातोडीच्या दांड्यावर आवळली गेली होती. "मग त्यांना काय म्हणायचं? ए किड्या?"

"अहो, पण आमचीच नावं का? जगात दुसरी माणसं नव्हती?"

"मला दुसरी माणसं माहीत नाहीत," बापू म्हणाला.

हा उर्मटपणा आहे असं सभेचं मत पडलं. काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण बोळात स्टूल माझं होतं. मी चढलो आणि सगळ्यात आधी गटार काढलं. मग नाबर. मग साडी. बापू खालून एकेक फोटो हातात घेत होता आणि धोतराच्या सोग्याने पुसून ठेवत होता. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मीही दिल्या असत्या.

मी भिंतीच्या फोटोला हात घातला तेव्हा स्टुलाजवळून आवाज आला.

"जरा थांबा हां."

जिन्याखालच्या आक्का. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी, त्यांची खोली; खोली म्हणजे एक ट्रंक आणि एक स्टोव्ह. चाळीतली प्रत्येक किल्ली आक्कांकडे. कामावर जाताना किल्ली आक्कांकडे, गावी जाताना किल्ली आक्कांकडे, तांदूळ निवडायला आक्का, बाळंतिणीला शेक द्यायला आक्का. त्या आत्ता किल्ली द्यायलाच आल्या होत्या, प्रधानांची. त्या फोटोजवळ आल्या, डोळे बारीक केले, आणि बोट लावलं.

"ह्यो बघा. हंय बसलो आसा."

आम्ही सगळे वाकलो. बोटापाशी, दगडाच्या रंगाचा, दगडासारखेच डाग असलेला, पंख भिंतीला चिकटवून एक चतुर बसला होता. एकदा दिसला आणि मग दिसायचा थांबेना.

"टाकीकडचो," आक्का म्हणाल्या. "रोज येता. दुपारी कोण नसता ना, तेव्हा ह्योच सोबतीक."

मग त्या खालचं अक्षर अक्षर जोडून वाचू लागल्या. द्वा. र. का. तिथे थांबल्या. परत पहिल्यापासून वाचलं. वकिलांनी खोकायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

"माझां नाव," आक्का म्हणाल्या. "वकिलांनू, तुमची काय ती काढा. ह्यां एक ऱ्हवांदे."

किल्ली प्रधानांच्या आईच्या हातात देऊन त्या जिन्याखाली गेल्या. आम्हाला स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज ऐकू आला.

शेवटी नाबर वकिलांनी बापूच्या हातातल्या गठ्ठ्यातून स्वतःला शोधून काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सरळ लावा. मघाशी तिरका होता." रेळेबाईंनी आपला स्वतःच लावला, उजेडात. गटार मी सगळ्यात शेवटी लावलं, आणि तेही दाराआड. मी विसरलेलो नाही. चपलेचा अंगठा खरोखर तुटला होता.

आरतीची घंटा वाजू लागली. बोळ रिकामा झाला. बापू भिंतीच्या फोटोचा पुठ्ठा बोटाने सरळ करत होता.

"बापू," मी विचारलं, "आम्ही सगळे जन्मापासून या चाळीत. माझी किल्ली वीस वर्षं त्यांच्याकडे. आक्कांचं नाव द्वारका, हे तुला कुठून कळलं?"

"विचारलं," बापू म्हणाला.