पासंगरावांची साखर

ऑफिसात आरोग्य तपासणी आली आणि फुकट आहे म्हणून पासंगरावांनी बोट पुढे केलं. तिथेच घात झाला.

पासंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. कुठल्याही दुकानात शिरले की आधी वाकून काट्याच्या पारड्याखाली बघायचे, वजन वाढवायला कुणी खाली काही चिकटवलंय का, म्हणजे पासंग ठेवलाय का ते. ही सवय इतकी मुरली होती की कुणी नमस्कार केला तरी त्यात किती ग्रॅम खोट आहे याचा ते अंदाज घेत.

रिपोर्ट आला : उपाशीपोटी साखर १६८.

"मशीन शेवटचं कधी तपासलं होतं?" त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं.

"साहेब, मशीन ठीक आहे. साखर वाढलीय."

"प्रत्येक दुकानदार असंच म्हणतो," असं म्हणून पासंगराव घरी आले.

बायको म्हणाली, "उद्याच डॉक्टरांकडे जाऊ. आणि आजपासून तुमचा चौथा चहा बंद."

झालं! चौथ्या चहावर हिचा पूर्वीपासून डोळा होता. प्रयोगशाळेत हिची कुणी मैत्रीण तर नाही? (खरं म्हणजे ते घाबरले होते. थोरल्या भावाने वर्षानुवर्षं साखरेकडे काणाडोळा केला आणि शेवटी पायाचा अंगठा गमावला. पण 'मला भीती वाटते' म्हणण्यापेक्षा 'मला संशय येतो' म्हणणं त्यांना सोपं जायचं.)

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे न जाता साखर मोजायचं छोटं मशीन घेऊन आले. बायकोची ९४ भरली. त्यांची १७१.

"बघ! या दोन मशीनवाल्यांचं आतून साटंलोटं आहे."

"अहो, मग माझी बरोबर कशी आली?"

"तुला सामील करून घ्यायला."

आता तिसरा, निष्पक्ष साक्षीदार हवा होता, आणि तो दोन दिवसांनी राहायलाच आला. सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, काटक बांधा, गोडाला हात न लावणाऱ्या (असा सगळ्यांचा समज). त्या स्वयंपाकघरातून जरा घाईनेच बाहेर आल्या. बोट टोचलं. ३८०!

"मशीन खोटं!" पासंगरावांनी टाळी वाजवली. "सिद्ध झालं! तीनशे ऐंशी!"

"माझ्या आईची तीनशे ऐंशी झालीय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?" बायको रडकुंडीला आली. पाचव्या मिनिटाला तिघंही रिक्षात होती.

डॉक्टरीणबाईंनी मशीन पाहिलं, सासूबाईंना पाहिलं, मग त्यांचं बोट नाकाशी नेलं.

"आजी, आत्ता काय खाल्लंत?"

"मी? काही नाही बाई."

"या बोटाला मध लागलाय."

सासूबाईंनी छताकडे बघितलं. "बरणीचं झाकण नीट बसलंय का, ते पाहत होते."

साबणाने हात धुऊन पुन्हा टोचलं. १०२. मशीन खरं होतं, खोटं सासूबाईंचं बोट होतं.

"आता तुम्ही," बाई पासंगरावांना म्हणाल्या.

त्यांनी मात्र आनंदाने बोट दिलं, कारण घरच्या मशीनवर १७१ भरल्यापासून दोन दिवस ते निव्वळ काकडीवर होते. १२८ आले. "उतरली की नाही?" ते विजयाने म्हणाले. बाईंनी दंडातून रक्त काढून आणखी एका तपासणीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला : ८.४.

"ही तपासणी गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगते," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांची काकडी तिथे चालत नाही."

पासंगरावांचा चेहरा पडला. तपासणीच्या दिवसापुरता काटा सरळ करणारे दुकानदार त्यांनी शेकड्यांनी पकडले होते. पकडल्यावर कसं वाटतं, ते आज कळलं.

"साडेसहाच्या वर गेली की मधुमेह. तुम्हाला टाइप टू आहे."

"दुसरा नंबर? म्हणजे सौम्य ना?"

"तसं नाही. टाइप वनमध्ये शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. तुमच्यात बनतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही."

"कळलं," बायको म्हणाली. "मी सांगते आणि हे ऐकत नाहीत, तसंच."

पासंगरावांनी आपल्या पावलांकडे बघितलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "पाय... पाय वाचतात ना, बाई?"

"लवकर कळलंय. रोज गोळी, रोज चालणं, मोजून जेवण, अधूनमधून डोळ्यांची आणि पावलांची तपासणी. अगदी वाचतात."

त्या दिवसापासून संशय संपला असं नाही, तो बायकोच्या अंगी गेला. ती त्यांचे खिसे तपासू लागली. पासंगराव निमूट गोळी घेत, रोज पाऊण तास चालत. तीन महिन्यांत ती सरासरी ८.४ वरून ६.९ वर आली, वजन सात किलोंनी उतरलं.

त्याच आठवड्यात एका किराणा दुकानात ते ऐटीत शिरले आणि उंचावर टांगलेल्या काट्याचा आकडा वाचायला दोन्ही हातांनी तो धरून चवड्यांवर उभे राहिले. पँट सरळ घोट्यापर्यंत खाली आली.

गिऱ्हाइकं बघत राहिली. दुकानदार हसला नाही. त्याने गुपचूप रिळावरून हातभर सुतळी तोडून पुढे केली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत पासंगरावांनी दुकानदाराकडून फुकट घेतलेली ही पहिलीच वस्तू, आणि तीसुद्धा न मोजता.