उपचार क्रमांक तीन

आमच्या कक्षात तुलनात्मक तक्त्याशिवाय कुठल्याही उपचाराला मंजुरी मिळत नाही, आणि तक्त्यात किमान तीन उपचार लागतात. दोघांत तुलना होत नाही, भांडण होतं. एकवीस वर्षं हे तक्ते मीच करतो, म्हणून ठणकावून सांगतो.

सोनपेठजवळच्या वाडीतले मेंढपाळ रायभान आपल्या पोरीचा, दैवशालाचा, अर्ज घेऊन आले. पोरीला ल्युपस, महिनाभरापूर्वी कळलेला. तिच्या शरीराची रोगाशी लढायची ताकदच तिच्या किडन्यांवर उलटली होती. डॉक्टर मंजुषाताईंनी दोन औषधं लिहिली होती, एक शिरेतून द्यायचं, एक गोळ्यांचं. कुठलंही चालेल, पण याच आठवड्यात सुरू करा, असा शेरा होता.

"तिसरं कुठाय?" मी विचारलं.

"तिसरं न्हाई म्हनल्या बाई. पोरीचे पाय लय सुजायलेत, साहेब. मला तर काई सुचंना."

प्रकरण आमच्या मोठ्या साहेबांकडे गेलं. साहेब म्हणजे चालतंबोलतं परिपत्रक.

"महिनाभर पोरगी काय करत होती?" त्यांनी विचारलं.

"वाट बघायली व्हती," रायभान म्हणाले.

"मग झालं की. तिसरा उपचार, वाट पाहणे."

तक्ता झकास झाला. शिरेतलं औषध: उलट्या, केस गळणे. गोळ्या: जुलाब. वाट पाहणे: दुष्परिणाम निरंक, साठा तालुकाभर मुबलक, शिवाय रुग्णास महिन्याचा पूर्वानुभव. क्रमांक तीन एकमताने मंजूर झाला.

मंजुषाताई तणतणत आल्या. "अहो, किडन्या जातील तिच्या."

"मॅडम, रकाना औषधाच्या दुष्परिणामांचा आहे. औषध न दिल्याच्या दुष्परिणामांना रकाना नाही."

त्यांची हरकत लेखी घेतली आणि फेटाळली, कारण संबंधित व्यक्तीची हरकत चालत नाही. रायभानही त्याच कलमाखाली बाद. मग रीतसर नोटीस लावली. या प्रकरणाशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनी सात दिवसांत हरकत घ्यावी, अन्यथा संमती समजण्यात येईल.

अशा माणसांना काय तोटा? कितीतरी जणांनी नोटीस वाचली, "अरेरे, बिचारी" म्हणाले आणि पाथरीच्या एसटीमागे पळाले.

सहाव्या दिवशी दैवशालाला परभणीला डायलिसिसवर घेतलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण डायलिसिसचा कक्ष वेगळा.

आज सातवा दिवस. तुमचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही आणि तुम्ही सगळं नीट वाचलंत. तुमचं म्हणणं मी नोंदवून घेतलं आहे: "हरकत नाही."