खडकाळ जमिनीची गंमत

साहेबांना घरी जेवायला बोलवायचं मी ठरवलं, तिथंच माझे ग्रह फिरले.

आमची कचेरी पौडला. मी तिथला कारकून. पण लोक मला ओळखत ते विनोदी म्हणून. (कामासाठी ओळखतील अशी भीती नव्हतीच.) नवे साहेब हैबतराव हसायला मोठे उदार. म्हटलं, एकदा जेवू घालावं, वर्ष सुखात जाईल. नेमके त्याच दिवशी घोटावड्याहून माझे सासरे कोंडाजीमामा आले, लेकीसाठी आंबेमोहोराचं गाठोडं घेऊन.

माझ्या बायकोनं, सगुणानं, भरीत केलं, मामांच्या तांदळाचा भात लावला. साहेब मिटक्या मारत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मुलंबाळं किती?"

सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. पण विनोदी माणसाला सरळ बोलायची चोरी!

"काय सांगू साहेब! मामांनी सातबारा न दाखवताच जमीन गळ्यात मारली. नऊ वर्षं नांगरतोय, सगळा खडक!"

साहेबांना हसता हसता ठसका लागला. वाढायला आलेली सगुणा पातेलं घेऊन तशीच आत वळली. मामांनी भात तसाच टाकून हात धुतले.

साहेब गेल्यावर मामा म्हणाले, "जावईबापू, काय बोललात हे?"

"गंमत केली हो, मामा!"

"गंमत?" सगुणा दारात उभी होती. "त्या खडकात एक उगवलं हुतं. अकरा दिस हुतं. तुमीच नेलंत, फडक्यात गुंडाळून. इसरलात व्हय?"

विसरलो नव्हतो. पण माझ्या तोंडून काय निघावं? "तुला ना, विनोदच कळत नाही!"

सकाळी ती मामांच्या बैलगाडीत बसून गेली. मागं वळून पाहिलं नाही.

आठ दिवस मी स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकरी खाल्ल्या. मग मामांचा निरोप आला: "बुधवारी भावकी बसनार हाय. ज्या तोंडानं सायबाला हसवलं, त्याच तोंडानं चारचौघांत लेकीची माफी मागा. मंग ती काय ते ठरवंल."

जायचं मी ठरवलं. अगदी मनापासून. रजेचा अर्ज लिहायला बसलो आणि नोकरीत पहिल्यांदाच रजेचं कारण खरं लिहिलं: 'माझ्या वाचाळपणामुळे पत्नी दुखावून माहेरी गेली आहे. चूक सर्वस्वी माझी. नाक घासून माफी मागण्यासाठी बुधवारची रजा मिळावी.'

साहेबांनी तो सगळ्या कचेरीला मोठ्यानं वाचून दाखवला. 'नाक घासून'ला तर शिपाईसुद्धा भिंतीला टेकून हसला.

"साहेब, हे खरं आहे हो," मी म्हणालो.

"आणि चेहरा बघा कसा केलाय!" साहेब डोळे पुसत म्हणाले.

मग मीही हसलो. (साहेब हसत असताना कारकुनानं गप्प राहायचं म्हणजे...)

बुधवारी भावकी बसली. मी टेबलाशी बसून होतो.

अर्ज गुरुवारी परत आला. वर लाल शाईत शेरा होता: 'फार हसलो. असेच लिहीत जा. रजा नामंजूर.'