घोरपडबाई आणि साळिंदरांची वरात

एका जंगलात, मुलांनो, कुंपण नव्हतं, पण सीमा होती. सीमा म्हणजे एक नदी. नदीच्या अलीकडचं सगळं वाघोबा महाराजांचं. पलीकडचं कुणाचं, ते पलीकडच्यांनाच विचारावं लागलं असतं. आणि पलीकडच्यांशी बोलायची बंदी होती.

म्हणून महाराजांनी लष्करी हेरखातं काढलं होतं. त्या खात्यात चिवटाबाई नावाची एक घोरपड होती. हुद्दा सुभेदार. काम एकच. नदीकाठच्या चिखलात पडून राहायचं, पलीकडे बघायचं, जीभ बाहेर काढून वारा चाखायचा आणि काही हललं की मागे खबर द्यायची.

चिवटाबाई इतकी निश्चल पडून राही, की एकदा तिच्या पाठीवर शेवाळ धरलं. सेनापती रानडुक्कर ओंडका समजून तिच्यावर बसले आणि शिपायांना युद्धनीती समजावू लागले. ती बरीच लांबली. चिवटाबाईनं हूं की चूं केलं नाही. त्याबद्दल तिला पदक मिळालं.

पुढे वय झालं. निवृत्तीचा दिवस आला. सेनापतींनी भाषण केलं, गळ्यात रानफुलांचा हार घातला, आणि चिवटाबाई घरी आली.

घर म्हणजे डोंगरउतारावरची एक कपार. तिथं तिचा नवरा दगडोबा राहत असे. दगडोबा स्वभावानं गरीब. सकाळी ऊन खायचं, दुपारी सावली खायची आणि मधल्या वेळेत मिळेल ते. इतकी वर्षं त्याच्यावर कुणाची नजर नव्हती. आता होती.

"काल तुम्ही वारुळाकडे गेलात," चिवटाबाई सकाळी म्हणाली.

"फिरायला गेलो होतो गं."

"जाताना चाल हलकी होती. येताना जड. जिभेला अंड्याचा वास."

"अगं, एवढंसं तर होतं..."

"साथीदार कोण?"

दगडोबानं हात जोडले. "चिवटे, तुझी नजर या कपारीत मावत नाही. तू मुलकी हेरखात्यात का जात नाहीस? तिथं निवृत्त लष्करवाल्यांना मान आहे म्हणतात."

खरं सांगायचं तर चिवटाबाईलाही घरी करमत नव्हतं. चिखलाशिवाय तिला झोप लागेना. आता आपण कुणाच्याच कामाच्या नाही, हा विचार रोज दुपारी तिच्या छातीवर येऊन बसे, आणि तो सेनापतींपेक्षा जड होता.

ती दुसऱ्याच दिवशी तळ्यावर गेली. मुलकी हेरखातं तिथं होतं. खात्याचे प्रमुख बगळेसाहेब पाण्यात एका पायावर उभे होते. ते कधीही दुसरा पाय टेकत नसत. दोन्ही पाय टेकले की भूमिका घेतल्यासारखं दिसतं, असं ते म्हणत.

"अनुभव?" बगळेसाहेबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"चिखलात पडून होते, साहेब."

"आम्ही त्याला प्रदीर्घ स्थानिक अभ्यास म्हणतो. आणखी?"

"जीभ काढून वास घेते."

"स्वतंत्र पडताळणी. छान. आणखी?"

"शत्रू दिसला की सांगते, शत्रू दिसला."

"इथं तसं चालणार नाही," बगळेसाहेब म्हणाले. "हे मुलकी खातं आहे. इथं शत्रू नसतो. इथं नागरिक असतात."

चिवटाबाईनं विचार केला. तिला समजून घ्यायचं होतं. "म्हणजे अजून ओळख न पटलेले शत्रू, असंच ना?"

बगळेसाहेबांनी कित्येक वर्षांत प्रथमच दोन्ही डोळे एकदम उघडले.

"या बाईंना घ्या!" ते म्हणाले. "पण उमेदवारीवर. लग्नसराई संपेपर्यंत एक तरी दमदार खबर आणली पाहिजे. नाहीतर घरी."

घरूनही निरोप आला. 'तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही,' दगडोबानं कळवलं होतं. 'पण माझ्यासाठी घाई करू नकोस.'

आणि मग, मुलांनो, चिवटाबाई कामाला लागली. कधी करवंदीच्या जाळीत पडून राही, कधी कुणाच्या परसात. पण नागरिक म्हणजे अगदीच निराशाजनक प्रकरण निघालं. ते उठत, खात, भांडत आणि झोपत.

"खारी शेंगा साठवताहेत, साहेब."

"महाराजांना माहीत आहे."

"मुंग्या रांगेनं चालल्यात. शिस्त लष्करी वाटते."

"त्या नेहमीच चालतात."

"सशांची संख्या वाढतेय."

"बाई," बगळेसाहेब सुस्कारा टाकून म्हणाले, "तीही नेहमीच वाढते."

लग्नसराई संपत आली. चिवटाबाईची भूक मेली. घरी परत जायचं, दगडोबाची चाल मोजायची आणि एके दिवशी ओंडका होऊन जायचं, असं तिला दिसू लागलं. मग एका संध्याकाळी ती घाणेरीच्या झुडपात पडून होती आणि तिच्या पोटाखालची जमीन हादरली.

ढोल वाजत होता. सुतारपक्ष्यांचा ताशा तडतडत होता. आणि दक्षिणेच्या पायवाटेनं एक टोळी येत होती. प्रत्येकाच्या अंगावर भालेच भाले. मधोमध एका कोवळ्या पोराला धरून चालवलं होतं. त्याच्या कपाळाला काहीतरी बांधलेलं होतं आणि तोंडापुढे माळा लोंबत होत्या. पोराचा चेहरा पार उतरला होता.

मुलांनो, तुम्ही हसताय. ती साळिंदरांची वरात होती, हे तुम्हाला लगेच कळलं. नवरदेवाचं नाव काटेराव, आणि तोंडावर होत्या त्या मुंडावळ्या. पण चिवटाबाईनं उभ्या जन्मात वरात पाहिली नव्हती. नात्यातल्या प्रत्येक लग्नाला ती चिखलात होती. तिचं स्वतःचं लग्नही सीमेवर, दोन पहाऱ्यांच्या मध्ये उरकलं होतं. दगडोबा आला, हार पडले, शिट्टी वाजली, ती गेली.

तिनं कान दिला. वरातीत पुढे दोन म्हातारे साळिंदर चालले होते. नवरदेवाचे काका आणि मामा.

"आज पोरगी घेतल्याशिवाय परतायचं नाही," काका म्हणाले.

"वेळ ठरलीय ना?"

"गोरज. गवे डोंगर उतरले की लगेच."

"आणि त्यांनी मान राखला नाही तर?"

"मांडव उलथवून टाकीन! त्यांचे लोक थोडे आहेत. आपण भारी पडू."

"पोरगं घाबरलंय हो."

"एकदा अक्षता पडल्या की काय करतंय? जन्माचा अडकला."

चिवटाबाईनं मनात नोंद केली. अपहरण! ओलीस! आणि अक्षता नावाचं कुठलंसं घातक हत्यार! ती झुडपांखालून सरपटत निघाली आणि तळ्यावर येऊन एका दमात सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं, कानामात्रा न बदलता.

बगळेसाहेबांनी त्यात एकच वाक्य घातलं. 'शक्यता नाकारता येत नाही.' खबर सेनापतींकडे गेली. सेनापती रानडुक्कर शक्यता कधीच नाकारत नसत. समोर दिसली की तिच्यावर धावून जात. ते फौज घेऊन धावले. मागोमाग चिवटाबाई आणि वरून उडत बगळेसाहेब.

इकडे मांडवात अंतरपाट धरला होता. भटजी म्हणून बसलेल्या धनेशानं मंगलाष्टकासाठी चोच उघडली होती. तेवढ्यात चारी बाजूंनी झाडं कडकडली आणि रानडुकरांनी मांडवाला वेढा घातला.

"हत्यारं खाली टाका!" सेनापती ओरडले.

साळिंदर एकमेकांकडे बघू लागले.

"कशी टाकणार?" काका म्हणाले. "अंगालाच आहेत."

"टाका म्हणतोय ना!"

"अहो, आम्ही मुलाकडचे!"

"कबूल केलं!" सेनापती शिपायांना म्हणाले. "ऐकलंत? मुलाला पळवून आणल्याचं कबूल केलं!"

नवरदेव काटेराव मुंडावळ्यांतून बाहेर डोकावला. "मला सोडवायला आलात?" त्यानं आशेनं विचारलं. अंतरपाटामागून नवरी म्हणाली, "कोण बोललं ते?" काटेराव पुन्हा मुंडावळ्यांत गेला.

मग एकच गोंधळ उडाला. शिपाई ओरडू लागले, ताशेवाल्यांना वाटलं की रंग भरला, ते आणखी जोरात वाजवू लागले. साळिंदर घाबरले, आणि साळिंदर घाबरले की त्यांचे काटे उभे राहतात. दोन शिपाई त्यांवर बसले. ते जे काही ओरडले, ते मंगलाष्टकाच्या चालीत बसलं. गवे डोंगर उतरून धूळ उडवत निघून गेले आणि मुहूर्त टळत चालला. नवरीची आई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

झुडपातून चिवटाबाई बघत होती. तिनं जीभ बाहेर काढली. वाऱ्यावर भाजलेल्या कंदांचा वास होता, फुलांचा वास होता. भीतीचाही होता, पण ती शिपायांना बघून आलेली भीती होती. कटाचा वास कुठंच नव्हता.

तिला सगळं कळलं.

इतक्यात वाघोबा महाराज स्वतः आले. ताशा थांबला.

"हे काय चाललंय?" महाराजांनी विचारलं.

सेनापतींनी बगळेसाहेबांकडे बघितलं. बगळेसाहेबांनी आकाशाकडे बघितलं. चिवटाबाईला तिथून गुपचूप निसटता आलं असतं. ओंडका होण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तिचं लक्ष रडणाऱ्या आईकडे गेलं आणि ती झुडपातून बाहेर आली.

"महाराज, चूक माझी आहे," ती म्हणाली. "खबर मी दिली. हे लग्न आहे. मला वरात आणि टोळी यांतला फरक कळला नाही. शिक्षा मला करा, पण यांचा मुहूर्त जाऊ देऊ नका."

महाराजांच्या मिशा थरथरू लागल्या. महाराजांची फौज एका लग्नावर चालून गेली, ही गोष्ट सकाळपर्यंत नदीपलीकडे पोचणार होती. पलीकडचे किती हसतील, हे महाराजांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

बगळेसाहेब पुढे झाले. "महाराज, बाई विनयशील आहेत. इथं हल्ला झाला का?"

"नाही."

"फौज वेळेवर आली का?"

"आली."

"मग फौज आली म्हणून हल्ला झाला नाही!"

"पण साहेब," चिवटाबाई कळवळून म्हणाली, "हल्ला नव्हताच हो!"

"मी दुसरं काय म्हणतोय? नव्हताच. तुमच्यामुळे."

महाराजांच्या मिशा स्थिर झाल्या. चेहऱ्यावर हळूहळू राजतेज आलं.

"महाराज, आम्ही खरंच वऱ्हाडी आहोत!" काका रडकुंडीला येऊन म्हणाले.

"आता आहात," महाराज गंभीरपणे म्हणाले. "येताना काय होतात, ते आमचं खातं जाणतं. आमच्या सावधपणामुळे एका सशस्त्र टोळीचं वऱ्हाड झालं. चला, अक्षता टाका. आणि सेनापती, भूक लागलीय."

धनेशानं घाईघाईनं 'शुभमंगल सावधान' म्हटलं. 'सावधान' ऐकताच सगळी फौज ताठ उभी राहिली, त्यामुळे सोहळा फारच देखणा झाला. मग पंगत बसली. रानडुकरांनी कंद संपवले, मग मांडवाचे डहाळे संपवले. सेनापती काकांच्या गळ्यात पडून नाचले आणि ओरडले, कारण काका साळिंदर होते. ताशा पुन्हा सुरू झाला. महाराजांनी फक्त एक पंजा हलवला, पण तालात हलवला.

सकाळी चिवटाबाईची उमेदवारी संपली आणि तिला बढती मिळाली.

गोष्ट तिथं थांबली असती, मुलांनो, पण जंगलात बातमी फिरली. ज्या लग्नाला खुद्द महाराज आणि फौज येते, ते लग्न केवढं मोठं! संपत आलेली लग्नसराई पुन्हा जोरात सुरू झाली. पुढच्याच लग्नात हरणांनी मुद्दाम कुजबुजत वरात काढली. कोल्ह्यांनी नवरदेवाला दोरीनं बांधूनच आणलं. ज्याच्या लग्नावर छापा पडला नाही, त्याला चारचौघांत तोंड दाखवायची चोरी झाली. फौज रोज संध्याकाळी कुठं ना कुठं धावून जाऊ लागली आणि रोज एक हल्ला टळू लागला.

चिवटाबाई प्रत्येक वेळी महाराजांपुढे उभी राही आणि म्हणे, "महाराज, हेही लग्नच होतं."

"वा!" महाराज म्हणत. "सलग किती टोळ्यांची लग्नं केलीत तुम्ही!" आणि आणखी एक पदक देत.

शेवटी पावसाळा आला, लग्नं थांबली. चिवटाबाईला वाटलं, सुटले. तिनं सगळं जंगल पालथं घातलं आणि दरबारात जाऊन सांगितलं, "महाराज, सगळीकडे शांत आहे."

महाराज सिंहासनावरून उठलेच. "शांत? सगळीकडे? एकाच वेळी?"

त्यांनी लगेच खातं दुप्पट केलं आणि चिवटाबाईला त्याचं प्रमुख नेमलं. बगळेसाहेबांना राजदूत करून पलीकडच्या काठावर पाठवलं. बोलायची बंदी कायम होती, पण बगळेसाहेबांच्या बोलण्यात कुणाला काही सापडत नसे.

ती घरी गेली तेव्हा दगडोबा कपारीच्या तोंडाशी घाबरून बसला होता.

"मी कुठं गेलो होतो ते विचारणार असशील, तर सांगून टाकतो," तो म्हणाला.

"नको," चिवटाबाई म्हणाली. "काही सांगू नका. मी बघितलं की मला दिसतं. दिसलं की खरं सांगावं लागतं. आणि खरं सांगितलं की बढती मिळते. आता याच्या वर फक्त सिंहासन उरलंय."

ती त्याच्या शेजारी आडवी झाली. डोळे मिटले. दगडोबानं हळूच लपवलेलं अंडं बाहेर काढलं, अर्धं तिच्यापुढे सरकवलं, आणि तिनं ते न बघता खाल्लं.

तात्पर्य : मुलांनो, चूक झाली तर ती मोठ्यानं आणि प्रामाणिकपणे कबूल करावी. ती पुरेशी मोठी असेल, तर वरचे लोकच तिला यश ठरवतात. लहान चूक मात्र कधीही करू नये. ती आपली आपल्यालाच निस्तरावी लागते.