खाटकाच्या कुत्र्याचं पथ्य

“यानं आजवर काय काय खाल्लेलं नाही, ते सांगा,” डॉक्टर मारिएला म्हणाली.

वास्को खाटकाला प्रश्नच कळला नाही. समोरच्या टेबलावर त्याचा कुत्रा चिंचुलीन बसला होता, मागच्या पायानं कान खाजवत. प्रत्येक खाजवण्याबरोबर केसांचा एक पुंजका टेबलावर पडत होता आणि पोटाखालची कातडी लालभडक झाली होती. रोज सकाळी अंगणात काय साफ करावं लागतं हे वास्कोनं डॉक्टरला आधीच सविस्तर सांगितलं होतं, त्याची उजळणी इथं नको. निखाऱ्यावर कुरकुरीत भाजलेल्या आतड्यांचं नाव त्यानं ज्या कुत्र्याला हौसेनं ठेवलं, नेमकी त्याचीच आतडी अशी नाजूक निघाली होती. अर्जेंटिनातल्या आमच्या चिविल्कॉय गावच्या लोकांना हसायला एवढं पुरेसं होतं.

“खाल्लेलं नाही असं काही नाही,” वास्को छाती फुगवून म्हणाला. “खाटकाचा कुत्रा आहे तो, पोरी. बीफ तर रोजचंच. शिवाय मेंढी, डुक्कर, कोंबडी, ससा. माझ्या मेव्हण्यानं एकदा रानडुक्कर मारून आणलं होतं, त्यातही याचा वाटा होता.”

“यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही, वास्को. याला अ‍ॅलर्जी आहे आणि माझा संशय बीफवर आहे. खात्री करायची तर दोन महिने याला फक्त असं काहीतरी द्यायचं, जे याच्या पोटानं कधी पाहिलेलंच नाही. दुसरा एक कणसुद्धा नाही.”

वास्कोनं मागे वळून दार नीट लागलंय ना ते पाहिलं. “हळू बोल.”

“घोड्याचं मांस?”

वास्कोनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं तो विषय तिथंच सोडला.

“मग मासा?”

 वास्कोच्या घरात मासा फक्त मांस वर्ज्य असलेल्या गुड फ्रायडेला यायचा, तोही डबाबंद, आणि त्या दिवशी तो बायकोशी, नेलिदाशी, धड बोलायचा नाही. बायकोनं केलेला पदार्थ म्हणून दोन घास खायचा आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघायचा. कुत्र्याला तर तो वासही घेऊ देत नसे, त्याची सवय बिघडेल म्हणून.

बाहेर पडल्यावर तो आधी प्राण्यांच्या दुकानात गेला. एका पिशवीवर उसळी मारणाऱ्या माशाचं झकास चित्र होतं. वास्कोनं चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. आधी मका, मग कोंबडी, मग बीफची चरबी, आणि पार शेवटी, जीवनसत्त्वांच्या जरा आधी, मासा. त्यानं पिशवी जागेवर ठेवली. अ‍ॅलर्जीवाल्या कुत्र्यांसाठीची खरी पिशवी राजधानीतून मागवावी लागेल, असं दुकानदार म्हणाला. वर त्यानं विचारलं, “पण अ‍ॅलर्जी कशाची आहे, वास्को?” वास्को काही न बोलता बाहेर पडला.

कारण उत्तर दिलं असतं तर त्याचं स्वतःचं दुकान बसलं असतं. खाटकाच्या कुत्र्याला खाटकाचंच मांस बाधतं, ही बातमी चौकातून कुठं कुठं जाईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मांस खराब आहे हे आधी कुणाला कळणार? तर कुत्र्याला. एवढा विचार करायला आमच्या गावात कुणाला फार वेळ लागत नाही.

तेव्हा नेलिदा रोज फाउस्तोच्या मासळीच्या दुकानात जाऊ लागली. समुद्रकाठच्या मार देल प्लाताहून बर्फात येणारा मासा ती घरी उकडायची, काटे काढायची, वाफवलेल्या लाल भोपळ्यात कालवायची आणि चिंचुलीनपुढे ठेवायची. चिंचुलीन ते वाडगं चाटूनपुसून साफ करायचा. वास्कोला याचंही थोडं वाईट वाटलं. निदान पहिल्या दिवशी तरी त्यानं नाक मुरडायला हवं होतं.

शनिवारी, रविवारी निखाऱ्यावर भाजायच्या मांसासाठी दुकानात रांग लागली असताना ओफेलियाबाईंनी तोंड उघडलं. या बाई फाउस्तोच्या दुकानासमोरच्याच घरात राहतात आणि खिडकीतून त्यांना ते चांगलं दिसतं.

“काय रे वास्को, तुझ्या घरी रोज मासा शिजतो म्हणे.”

सुरीचा आवाज थांबला. सगळी रांग त्याच्याकडे बघू लागली. खाटीक स्वतःचं मांस खात नाही, हा अर्थ लोकांच्या डोक्यात शिरायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं.

“नेलिदासाठी,” वास्को म्हणाला. “तिला पथ्य सांगितलंय. डॉक्टरनी.”

“कुठल्या डॉक्टरनी?”

वास्कोला खोटं बोलायची सवय नव्हती. जे नाव जिभेवर होतं तेच बाहेर पडलं. “मारिएलानं.”

“मारिएला जनावरांची डॉक्टर आहे.”

“हो,” वास्को म्हणाला आणि मांडीचा तुकडा विनाकारण दुसऱ्या बाजूला वळवला. “पण आमच्याकडे ती जरा घरच्यासारखी आहे.”

संध्याकाळपर्यंत गावात ठरून गेलं की नेलिदाला माणसांच्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत, आणि बिचारा वास्को आता मिळेल त्या डॉक्टरकडे पळतोय. सोमवारी सुपाची पहिली किटली आली. मंगळवारी तीन आल्या. लोक दाराशी उभं राहून हळू आवाजात चौकशी करायचे आणि नेलिदा स्वतः दार उघडायला आली की दचकायचे.

“म्हाताऱ्या,” नेलिदा जेवताना म्हणाली, “बायकांनी माझ्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावलीय. मला झालंय तरी काय ते मला सांगून ठेव, म्हणजे विचारणाऱ्यांना दोघांचं उत्तर एकच मिळेल.”

“तुला पथ्य आहे एवढंच मी बोललो.”

“आणि मला कुत्र्यांच्या डॉक्टरकडे नेलंस.”

यावर वास्कोनं सूप भुरकलं. सूप ओफेलियाबाईंचं होतं.

हे सगळं त्यानं हसत सोसलं असतं, पण चिंचुलीनला काडीचा फरक पडत नव्हता. पोट थोडं सावरायचं आणि पुन्हा बिघडायचं. शेपटीकडचे केस आणखी विरळ झाले होते. दुपारी तो दुकानाच्या दारात झोपायचा नाही, खाजवत बसायचा. वास्को गिऱ्हाइकाला मांस देता देता त्याच्याकडे बघायचा आणि वजन करायला विसरायचा. मूलबाळ नसलेल्या माणसाचा कुत्रा म्हणजे काय असतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला यापुढे काही सांगायला नको.

“कुणीतरी चोरून देतंय,” मारिएला म्हणाली. “दुसरं कारणच नाही. शोधा कोण ते.”

वास्कोनं शोधायची गरजच ठेवली नाही. ओफेलियाबाई वर्षानुवर्षं दुकानातून निघताना पुडक्यातला एक तुकडा चिंचुलीनपुढे टाकत असत. तसं करू नका म्हणून त्यानं पूर्वीच विनवलं होतं, पण सांगून ऐकणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं भर दुकानात विचारलं, “ओफेलियाबाई, माझ्या कुत्र्याच्या तोंडात तुम्ही काय घालता ते खरं सांगा.”

बाईंचा चेहरा लाल झाला. “तू नको म्हणालास त्या दिवसापासून मी त्याला नखाएवढंसुद्धा दिलेलं नाही. तुझी बायको एवढी आजारी आहे, मी तिला सूप पाठवते, आणि तू मला कुत्र्याच्या हाडांचा जाब विचारतोस. मला काही नको.” आणि त्या सरळ रस्ता ओलांडून फाउस्तोकडे गेल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी गेल्या.

रात्री नेलिदानं निकाल दिला. “रविवारी सगळ्यांना अंगणात जेवायला बोलाव. मी धडधाकट आहे ते त्यांना दिसू दे. ओफेलियाची तू माफी माग. आणि मारिएलालाही बोलाव, ती कुत्र्यावर नजर ठेवेल. चोर असेल तर तिथंच सापडेल.”

रविवारी अंगण भरलं. नेलिदानं लाल झगा घातला होता आणि ती मुद्दाम सगळ्या जड खुर्च्या स्वतः उचलत होती. ओफेलियाबाई आल्या, पण रुसलेलं तोंड घेऊन. मारिएला लिंबाच्या झाडाखाली चिंचुलीनचा पट्टा हातात धरून बसली आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाचे हात बघत राहिली. वास्को सकाळपासून निखाऱ्यापाशी होता. बरगड्या, सॉसेज, गुर्दे, सगळं त्यानं हातानं उलटंपालटं केलं, कारण चिमट्यानं करणारा माणूस त्याच्या मते भाजणारा नव्हे, तर चिमटेवाला.

परात टेबलावर आली आणि रिवाजाप्रमाणे कुणीतरी ओरडलं, “भाजणाऱ्यासाठी टाळ्या.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओफेलियाबाईंनीसुद्धा दोन वाजवल्या. वास्कोला भरून आलं. एवढ्या लोकांत ज्याला एक घासही मिळणार नव्हता असा एकटा जीव लिंबाखाली पट्ट्यात अडकलेला होता. वास्को तडक तिकडे गेला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं चिंचुलीनचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

“बिचारा माझा. थोडे दिवस कळ काढ.”

चिंचुलीननं त्याचे तळवे चाटले. मग बोटं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, एप्रनचा तेलकट कोपरा, बूट, आणि सरतेशेवटी मिशा. हे काम तो इतक्या नेटानं आणि इतक्या सवयीनं करत होता की मारिएलाच्या हातातला पट्टा गळून पडला.

“वास्को,” ती म्हणाली, “हे रोज असं?”

“रोज. पिल्लू होता तेव्हापासून. दुकान बंद करून आलो की आधी हे, मग बाकी सगळं.”

“मग त्याला बीफ तुम्हीच देताय. रोज, संध्याकाळी, हातानं.”

ती हळू बोलली असती तर बरं झालं असतं. पण अंगण नेमकं त्याच वेळी गप्प झालं होतं. ओफेलियाबाईंचा काटा तोंडापाशी थांबला. त्यांनी काट्यावरच्या तुकड्याकडे पाहिलं, मग कुत्र्याच्या उघड्या पडलेल्या शेपटीकडे.

“म्हणजे याला या मांसानं असं झालं?”

वास्को गुडघ्यावरच बसून राहिला. ज्यासाठी त्यानं एवढा खटाटोप केला होता ते सगळं आता परातीत मांडून ठेवल्यासारखं झालं होतं.

“अ‍ॅलर्जी आहे ती,” मारिएला म्हणाली. “मांसात काही खोट नाही. माझ्या भावाला दूध सोसत नाही, म्हणून आम्ही गायीला नावं ठेवत नाही.”

ओफेलियाबाईंनी विचार केला. बरगड्यांचा वास सुटला होता आणि त्यांच्या विचाराला घाई झाली असावी. “आणि नेलिदा?”

“नेलिदाला काही झालेलं नाही,” खुर्ची उचलून नेणारी नेलिदा म्हणाली. “ते पथ्य कुत्र्याचं.”

“मग माझं सूप?”

“मी प्यायलो,” वास्को म्हणाला. “चांगलं होतं. मीठ जरा कमी होतं.”

“आजाऱ्यासाठी होतं, म्हणून कमी होतं,” ओफेलियाबाई म्हणाल्या आणि त्यांनी परातीतली सगळ्यांत मोठी बरगडी ओढून घेतली. एका कुत्र्याच्या खाजेपायी समोरचं ताट सोडून उठणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे. सोमवारी दुकानात नेहमीसारखी रांग लागली.

संकट खरं तर त्यानंतर सुरू झालं. वास्को आता एप्रन आणि बूट दुकानातच ठेवू लागला. कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा, मिशाही धुवायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि मग घरी यायचा. पहिल्या संध्याकाळी चिंचुलीन धावत आला, त्यानं एक हात हुंगला, दुसरा हुंगला, सदऱ्याची बाही हुंगली आणि परत जाऊन लिंबाखाली आडवा झाला. दुसऱ्या संध्याकाळी तो अर्ध्या वाटेपर्यंतच आला. पुढे पुढे नुसती शेपटी हलवायचा, तीही झोपल्या झोपल्या.

त्याचे केस मात्र भराभर भरून आले. पोट ठिकाणावर आलं. मारिएलानं वास्कोची पाठ थोपटली. वास्कोला आनंद झाला, खरोखर झाला. आणि तो घरी येऊन मुकाट्यानं खुर्चीत बसू लागला.

“इतकी वर्षं तो मला भेटायला येत नव्हता,” एकदा तो म्हणाला. “बरगड्यांना भेटायला येत होता.”

“कुत्रा आहे तो, म्हाताऱ्या.”

“कुत्रा आहे ते मलाही माहीत आहे.” त्याचा आवाज असा फाटला की नेलिदानं पुढे चेष्टा केली नाही. तिनं नुसता त्याचा स्वच्छ हात हातात घेतला. पण तो हात त्या वेळी तिच्यासाठी नव्हता, आणि हे दोघांनाही कळत होतं.

त्यात भर म्हणजे, चिंचुलीन दुपारी खाटकाच्या दाराऐवजी फाउस्तोच्या दारात झोपू लागला. फाउस्तो बाहेर आला की तो उठून त्याचे हात चाटायचा. येणारे-जाणारे बघायचे. वास्को मान खाली घालून हाडं फोडत राहायचा.

एका संध्याकाळी दुकान बंद करून, साबणानं हात धुऊन, मिशा धुऊन, धुतलेला सदरा घालून वास्को घराकडे न वळता रस्ता ओलांडून फाउस्तोकडे गेला.

“मासा नेलिदा सकाळीच घेऊन गेली,” फाउस्तो म्हणाला.

“घ्यायला नाही आलो. साफ करायला काही उरलंय का?”

फाउस्तोनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “खाटीक मासे साफ करणार? मजुरी मिळायची नाही.”

“मागितलीय कुणी?”

फाउस्तोनं न बोलता एक खोका पुढे सरकवला आणि सुरी दिली. वास्कोचे हात अर्धा बैल डोळे मिटून हाडांपासून सोडवतील, पण माशानं त्याला घाम फोडला. खवले भिंतीपर्यंत उडाले, मिशीत अडकले. खोका संपला तेव्हा फाउस्तोनं नळाकडे बोट दाखवलं. “साबण तिथं आहे.”

“नको,” वास्को म्हणाला.

दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो घरी निघाला. वाटेत ओफेलियाबाई भेटल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. फाटकाचा आवाज झाला तसा लिंबाखाली चिंचुलीननं कान टवकारले, मान वर केली आणि तो सुसाट धावत आला. वास्को तिथंच पायरीवर बसला. त्यानं उजवा हात पुढे केला आणि डावा पाठीमागे लपवून ठेवला, तेवढीच भेट जास्त वेळ चालावी म्हणून.