दीड तासाचं व्हँकुव्हर

दिग्रसच्या एसटी स्टँडवर मी एकोणतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाडी सुटायची आणि पोचायची वेळ दाखवा, मधला प्रवास मी बोटांवर न मोजता सांगतो. त्यामुळे लेकीचं, सुरभीचं, विमानाचं तिकीट हाती आलं, तेव्हा मी चष्मासुद्धा पुसला नाही. दिल्लीहून सुटणार पहाटे साडेपाचला, व्हँकुव्हरला पोचणार सकाळी सातला. तारीख एकच.

"दीड तास!" मी जाहीर केलं. "आपल्या यवतमाळच्या गाडीएवढंच. अन् मी उगाच घाबरून राह्यलतो!"

सुरभी काहीतरी बोलणार होती, पण भागीरथेनं (म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं) तिला स्वयंपाकघरात हाक मारली. आदल्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर तिला दिल्लीच्या विमानात बसवताना मी हसत हसत हात हलवला. दीड तासावर चाललेल्या लेकीसाठी रडतं कोण?

आमच्या घरी एक रीत आहे. प्रवासाला गेलेल्याचा 'पोचलो' असा फोन आल्याशिवाय जेवायचं नाही. चहा चालतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उत्साहाच्या भरात मी चहाच काय, पाणीही सोडलं.

सात वाजले, आठ वाजले. फोन मुका.

"विमानाले फलाट भेटला नसन," मी भागीरथेला धीर दिला.

"तुमी भाकर खाऊन घ्या. टाइम लागन," ती म्हणाली. बिचारी! स्वतःचा जीव टांगणीला, तरी काळजी माझी.

अकरा वाजता मी गुपचूप शेजारच्या जेबाकडे गेलो. ती ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. तिनं कॉम्प्युटरवर बघितलं.

"काका, अकरा हजार किलोमीटर हाये. चौदा तास लागते. तिथं सकाळचे सात वाजतीन, तवा आपल्या इथं संध्याकाळचे साडेसात."

मी खुर्चीवर बसलो. उमरखेडला मुक्कामी गाडी पाठवायची तरी माझा जीव खालीवर व्हायचा. आणि एकुलती एक लेक मी अकरा हजार किलोमीटर दूर हसत पाठवली होती! डोळे भरून आले. जेबानं पाणी दिलं, तेही व्रतामुळे परत केलं.

मग ठरवलं, भागीरथेला हे कळता कामा नये. ती कोसळेल.

दिवसभर मी गच्चीवर जाऊन आभाळ पाहायचो आणि खाली येऊन थापा मारायचो. "वर ढगाची गर्दी हाये." "ड्रायव्हर बदली करून राह्यले." ती "हो का?" म्हणायची आणि तूर निवडायची. चारच्या सुमारास भुकेनं मला घरातच तारे दिसू लागले.

पावणेआठला फोन आला. स्पीकरवर सुरभी ओरडली, "आई, पोचली व मी! बाबाले चौदा तासाचं सांगितलं नाही ना? रडतीन ते!"

मी रडतच होतो.

"तुले मालूम होतं?" मी भागीरथेला विचारलं.

"तिकीट काढलं त्याच दिवशी. पन तुमी एवढ्या खुशीत तिले धाडून राह्यलते, कोन सांगीन?"

"अन् माह्या दिवसभराच्या थापा?"

"मले धीर द्यायलेच मारत होते ना? बरं वाटत होतं आयकायले."

माझा ऊर भरून आला. अशी बायको मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, "लय सोसलं तू. चल, आता दोघंबी जेवू."

"दोघं?" एकच ताट वाढत भागीरथा म्हणाली. "तुमी जेबाकडं गेलते तवा मी भाकर खाल्ली. गच्चीवर आभाळ पाहत उभे होते तवा वरणभात. चौदा तास उपाशी राहायले मी काय येडी हाये?"